महाग क्रूझ कंपनी सोडून स्वस्त कंपनीकडे जाताना: नाशिकहून निघणाऱ्यांसाठी

सिंगापूरहून सुटणाऱ्या, रॉयल कॅरिबियनसारख्या महाग अमेरिकन कंपनीच्या मोठ्या जहाजावर एकदोनदा जाऊन आलेली बरीच कुटुंबं पुढच्या वेळी थबकतात: दर खेपेला एवढे पैसे घालायचेच का? कमी दराची कंपनी निवडणं जमतं आणि बऱ्याचदा योग्यही ठरतं. पण नाशिकला समुद्र दारात नाही. जहाजाचं भाडं उतरलं तरी घर ते बंदर हा खर्च जिथल्या तिथे राहतो आणि बचत तिथेच गळते. म्हणून या लेखातला सगळा हिशेब नाशिकच्या घराच्या दारापासून परत त्याच दारापर्यंतचा आहे. जाहिरातीतल्या आकड्याकडे पाहून कंपनी बदलू नका. हा हिशेब एकदा कागदावर मांडा आणि मग ठरवा.

आधी जुनं बिल काढा

मागच्या क्रूझचं शेवटच्या दिवशीचं बिल ईमेलमध्ये किंवा कंपनीच्या अ‍ॅपवर सापडेल. त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे खूण करा: हे आपण खरंच वापरलं का, आणि पुढच्या वेळी नसेल तर चालेल का? सर्फिंगचा कृत्रिम तलाव, बर्फावरचे खेळ, हवेत उडवणारी नळी यांचे पैसे जुन्या कंपनीच्या भाड्यातच धरलेले असतात. घरात दहा-पंधरा वर्षांची मुलं असतील तर स्वस्त जहाजावर हे नसल्याचं जाणवेल. आजी-आजोबांना घेऊन जायचं असेल तर त्यातलं काहीच लागत नाही. त्यांना हवा असतो शांत डेक, वेळेवर जेवण आणि लिफ्टजवळची केबिन. स्वस्त कंपनी तुम्हाला मानवेल की नाही, हे या खुणांवरून बरंचसं कळतं.

पर्याय कोणते

मुंबईहून सुटणारा पर्याय म्हणजे कॉर्डेलिया. सप्टेंबर २०२१पासून चालणारी ही भारतीय कंपनी ‘एम्प्रेस’ नावाच्या जहाजावर मुंबई–गोवा, लक्षद्वीप आणि शनिवार-रविवारच्या छोट्या सफरी करते. हे जहाज १९९० सालचं आहे आणि पूर्वी रॉयल कॅरिबियनकडेच होतं. त्यामुळे त्या कंपनीची नवी जहाजं पाहिलेल्यांना केबिन लहान वाटते आणि बाल्कनीच्या केबिन मोजक्याच मिळतात. मात्र विमान नाही, व्हिसा नाही, जैन जेवण मिळतं आणि बिल रुपयांत येतं. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. त्या महिन्यांत गेली काही वर्षं हे जहाज चेन्नईहून चालवलं जातं. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांनी इकडे लक्ष द्यावं. ऑक्टोबर छाटणीपासून तोडणी संपेपर्यंत बागेतून हलता येत नाही, मग लगेच एप्रिलची खरड छाटणी येते. खरी फुरसत पावसाळ्यात मिळते आणि नेमकी तेव्हाच मुंबईहून क्रूझ नसते. त्यांच्यासाठी वर्षभर चालणारं सिंगापूर जास्त सोयीचं.

सिंगापूरहूनच कमी दरात जायचं असेल तर रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेसचं ‘गेंटिंग ड्रीम’ आहे. २०१६ सालचं हे जहाज जून २०२२पासून सिंगापूरहून या कंपनीच्या नावाने चालतं. त्याच्या बहुतेक सफरी दोन-तीन रात्रींच्या असतात: मलाक्का, पोर्ट क्लांग, पेनांग, फुकेत. भारतीय शाकाहारी जेवणाची सोय चांगली असल्याने गुजराती-मारवाडी गट इथे बरेच दिसतात.

युरोपच्या बाजूला एमएससी आणि कोस्टा या इटालियन वळणाच्या कंपन्या आहेत. भूमध्य समुद्रात त्यांचं एकच जहाज बार्सिलोना, मार्से, जेनोआ, चिवितावेक्कीया (रोमजवळचं बंदर) अशा कुठल्याही बंदरातून तुम्हाला चढवून घेतं आणि सात दिवसांनी तिथेच सोडतं. त्याच आठवड्यातल्या त्याच फेरीचं भाडं चढण्याच्या बंदराप्रमाणे बदलतं. एजंट बहुधा एकाच बंदराचा दर सांगतो. बाकीच्या बंदरांचे दर तुम्ही स्वतः विचारा.

जहाज किती भरगच्च वाटेल याचा अंदाज एका भागाकाराने येतो. जहाजाचं ग्रॉस टनेज घ्या आणि त्याला दोघे-दोघे धरून होणाऱ्या प्रवासीसंख्येने भागा. हे टनेज म्हणजे वजन नव्हे, बंदिस्त जागेचं माप आहे. एम्प्रेससाठी सुमारे ४८,५०० भागिले १,६०० म्हणजे ३०. रॉयल कॅरिबियनच्या ‘स्पेक्ट्रम’साठी सुमारे १,६९,००० भागिले ४,२०० म्हणजे ४०. गेंटिंग ड्रीमसाठी सुमारे १,५०,७०० भागिले ३,३५० म्हणजे ४५. म्हणजे स्वस्त जहाजावर नेहमी दाटी असतेच असं नाही. ३०च्या आसपासच्या जहाजावर मात्र नाश्त्याच्या वेळी बुफेत आणि लिफ्टपाशी गर्दी धरून चाला. दिवाळी आणि नाताळच्या सुटीत बऱ्याच केबिनमध्ये तिसरा-चौथा माणूसही असतो, तेव्हा माणशी जागा आणखी कमी होते.

हिशेब: माणशी, दर रात्री, दारापासून दारापर्यंत

खालचे आकडे केवळ हिशेबाची रीत कळावी म्हणून धरले आहेत. तुमचे आकडे त्या जागी घाला.

समजा, जुन्या कंपनीची सिंगापूरहून चार रात्रींची सफर आहे आणि दोघे जाताहेत. बंदर शुल्क आणि करांसह भाडं १,२०,००० रुपये. टिप माणशी रोज १,५०० धरली तर १२,०००. वायफाय ८,०००. पेयं आणि एखादं पैसे देऊन घ्यायचं जेवण १५,०००. जहाजाचा खर्च झाला १,५५,०००. आता जमिनीवरचा: दोघांचं विमान ६०,०००, सिंगापुरात आदल्या रात्रीचं हॉटेल १४,०००, नाशिक ते मुंबई विमानतळ जाऊन-येऊन गाडी १२,०००, व्हिसा ६,०००, विमा ३,०००. हे ९५,०००. एकूण २,५०,०००. दोन माणसं गुणिले चार रात्री म्हणजे आठ. भागाकार ३१,२५०.

आता स्वस्त कंपनीची तीन रात्रींची सफर. भाडं ७५,०००, टिप ९,०००, वायफाय ५,०००, पेयं वगैरे ११,०००. जहाजाचा खर्च बरोबर एक लाख. जमिनीवरचे ९५,००० मात्र तसेच. एकूण १,९५,०००, भागिले सहा, म्हणजे ३२,५००.

नुसतं भाडं पाहिलं तर माणशी रात्रीला १५,०००वरून १२,५००वर आलं. दारापासून दारापर्यंत मोजलं तर रात्र १,२५० रुपयांनी महाग पडली. खिशातून ५५,००० कमी गेले हे खरं, पण समुद्रावरची एक रात्रही गेली. एवढीच सुटी असेल किंवा एवढंच बजेट असेल तर हा पर्याय चांगला आहे. ‘तेवढीच मजा कमी पैशांत’ मात्र ही नव्हे.

यावर उपाय आहे. त्याच जहाजावर पाठोपाठच्या दोन सफरी घ्यायच्या, तीन रात्रींची आणि लगेच दोन रात्रींची. भाडं ७५,००० अधिक ५०,०००, टिप १५,०००, वायफाय ८,०००, पेयं १७,०००: जहाजाचा खर्च १,६५,०००. जमिनीवरचे ९५,००० मिळवून २,६०,०००, भागिले दहा, म्हणजे २६,०००. जुन्या सफरीपेक्षा एकूण फक्त दहा हजार जास्त आणि एक रात्र अधिक. असं बुकिंग करताना दोन्ही सफरींना एकच केबिन मागून घ्या. नाहीतर मधल्या सकाळी सामान बांधून खोली बदलावी लागते. मधल्या दिवशी बहुधा खाली उतरून इमिग्रेशन करून परत चढावं लागतं, त्यासाठी मल्टिपल एंट्री व्हिसा हवा.

मुंबईहून दोन रात्री: सगळं धरून भाडं ६०,०००, पेयं ६,०००, रेल्वे आणि टॅक्सी ४,०००. एकूण ७०,०००, भागिले चार, म्हणजे १७,५००. नाशिककरांना सर्वात मोठी बचत इथे होते, आणि ती मुख्यतः विमान आणि हॉटेल वाचल्यामुळे.

हिशेबात बऱ्याचदा राहून जाणाऱ्या तीन गोष्टी. पहिली, टिप लहान मुलांचीही लागते. परदेशी कंपन्यांत ती माणशी रोज साधारण १५ ते २० डॉलर असते आणि बिलात आपोआप चढते. दुसरी, क्रेडिट कार्डावर परकीय चलनात खर्च केला की बँक साधारण २ ते ३.५ टक्के वर घेते. जहाजावर किंवा बंदरात ‘रुपयांत बिल करू का?’ असं यंत्र विचारतं तेव्हा नाही म्हणा, कारण तो दर आणखी वाईट असतो. तिसरी म्हणजे टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा आयकर. परदेशी टूर पॅकेज घेतलं की एजंट हा कर किमतीवर वेगळा वसूल करतो. १ ऑक्टोबर २०२३पासून वर्षाला ७ लाखांवरच्या रकमेला २० टक्के लागू झाले, १ एप्रिल २०२५पासून ती मर्यादा १० लाख झाली, आणि १ एप्रिल २०२६पासून मर्यादा काढून सरसकट २ टक्के झाले. हे दर सरकार वेळोवेळी बदलतं, तेव्हा पैसे भरण्याच्या दिवशीचा दर कोटेशनवर लिहून घ्या. ही रक्कम बुडत नाही, विवरणपत्रात परत मागता येते. पण तोवर ती अडकून राहते.

जुनं बुकिंग, जुने पॉइंट

जुन्या कंपनीत आधीच बुकिंग असेल तर घाईने रद्द करू नका. पहिल्यांदा तिचा रद्द करण्याचा तक्ता पाहा. रॉयल कॅरिबियनच्या नेहमीच्या तक्त्यात १ ते ४ रात्रींच्या सफरीचे पूर्ण पैसे ७५ दिवस आधी भरायचे असतात. ७४ ते ६१ दिवस राहिले असताना रद्द केलं तर ५० टक्के जातात, ६० ते ३१ दिवसांत ७५ टक्के, आणि ३० दिवसांच्या आत सगळेच. पाच किंवा जास्त रात्रींना ही सीमा ९० दिवसांपासून सुरू होते. बाकीच्या कंपन्यांच्या पायऱ्या थोड्या वेगळ्या असतात, भारतातला एजंट आपले शुल्क वर लावतो, आणि ‘नॉन-रिफंडेबल’ डिपॉझिट पहिल्या दिवसापासूनच गेलेलं असतं. काहीही झालं तरी बंदर शुल्क आणि सरकारी कर वेगळे मागा. प्रवास झालाच नाही तर ते बहुधा परत मिळतात, पण मागितल्याशिवाय कुणी आठवण करून देत नाही.

क्रम असा ठेवा: पूर्ण पैसे भरायच्या तारखेच्या आधी नव्या कंपनीत परत मिळणारं डिपॉझिट भरून केबिन धरा, पुष्टी आली की जुनं बुकिंग लेखी रद्द करा आणि रद्द झाल्याचा क्रमांक जपून ठेवा. फोनवर सांगितलेलं ‘झालं साहेब’ पुरेसं नाही. तारीख ओलांडली तर टक्का वाढतो आणि फोनचा पुरावा राहत नाही.

जुन्या कंपनीने दिलेली ‘पुढच्या क्रूझसाठीची’ क्रेडिट रक्कम दुसरीकडे चालत नाही. तिची मुदत पाहा. रक्कम मोठी असेल तर आधी ती वापरून मग कंपनी बदलणं बरं. आणखी एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. पूर्ण पैसे भरायच्या आधी त्याच केबिनचा आजचा दर बघा. उतरला असेल तर जुन्याच कंपनीकडे तो दर मागा. कधीकधी तेवढ्यानेच कंपनी बदलायची गरज राहत नाही.

लॉयल्टी पॉइंटबद्दल लोक फार हळवे होतात, पण त्यांची किंमतही रुपयांत काढता येते. रॉयल कॅरिबियनमध्ये एका रात्रीला एक पॉइंट, ‘सूट’ या मोठ्या केबिनमध्ये दोन. ३० पॉइंटला प्लॅटिनम दर्जा, ५५ला एमराल्ड, ८०ला डायमंड. डायमंडला रोज चार पेयं फुकट मिळतात. पिणाऱ्याला ते मोलाचं आहे, न पिणाऱ्याला त्यातून कॉफी आणि सरबतच मिळतं. ३० पॉइंटवर असाल तर सोडून जाताना फारसं काही गमावत नाही. ७० झाले असतील तर एका लांब सफरीचा विचार करा.

हे पॉइंट दुसऱ्या कंपनीत नेता येत नाहीत, पण दर्जा नेता येतो. एमएससी दुसऱ्या क्रूझ कंपनीतला दर्जा पाहून आपल्याकडे त्याच्या जवळचा दर्जा देते. ऑनलाइन अर्ज करायचा आणि जुन्या कार्डाचा स्क्रीनशॉट जोडायचा. हा अर्ज बुकिंगच्या आधी करा, कारण सदस्यांना मिळणारी भाड्यातली सूट बुकिंग झाल्यावर लागू करून घेताना त्रास होतो. दोन्ही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख पासपोर्टप्रमाणे एकसारखी हवी. एकीकडे नुसतं ‘कुलकर्णी’ आणि दुसरीकडे वडिलांच्या नावासह पूर्ण, असं असलं की अर्ज परत येतो.

कंपनी खरंच बदलतोय की त्याच समूहातली दुसरी घेतोय हे कळावं म्हणून कोण कोणाच्या घरातलं, हेही माहीत असावं. कोस्टा, कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका या एकाच समूहाच्या. रॉयल कॅरिबियन, सेलेब्रिटी आणि सिल्व्हरसी दुसऱ्या. नॉर्वेजियन, ओशियानिया आणि रीजंट तिसऱ्या. एमएससी स्वतंत्र आहे.

नवं बुकिंग

सगळ्यात स्वस्त दर दिसतो तो बहुधा ‘गॅरंटी’ केबिनचा. म्हणजे प्रकार ठरलेला, क्रमांक कंपनी देईल तो. तरुण जोडप्याला हे चालतं. आई-वडील बरोबर असतील, कुणाला गुडघ्याचा त्रास असेल किंवा दोन केबिन शेजारी हव्या असतील तर गॅरंटी घेऊ नका, थोडे पैसे देऊन क्रमांक निवडा. निवडताना डेकचा नकाशा उघडा आणि आपल्या केबिनच्या बरोबर वर-खाली काय आहे ते बघा. वर बुफे असला तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाचगाण्याचा हॉल असला तर रात्री एकपर्यंत झोप नाही. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा उत्तम. जहाज डोलण्याचा त्रास होणाऱ्यांनी लांबीच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची केबिन घ्यावी, कारण डोलणं टोकांना आणि वर जास्त जाणवतं. ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ लिहिलं असेल तर खिडकीपुढे जीवरक्षक नाव टांगलेली असते. उजेड येतो, समुद्र दिसत नाही. काहींना ते पुरतं आणि पैसे वाचतात.

भाडं दोघांनी एक केबिन वापरायच्या हिशेबाने असतं. एकट्याला बऱ्याचदा दोघांचं भाडं भरावं लागतं. उलट तिसऱ्या-चौथ्याचं खूप कमी असतं, पण चौघांत एकच बाथरूम येतं हे लक्षात घ्या.

एजंटकडून कोटेशन घेताना, तो कॉलेज रोडवरचा असो की मुंबईचा, एवढं लेखी मागा: बंदर शुल्क आत आहे का, टिप आत आहे का, जीएसटी आणि टीसीएस किती, पूर्ण पैसे भरायची तारीख, रद्द करण्याचा तक्ता, केबिनचा क्रमांक किंवा गॅरंटी. दोन एजंटांचे आकडे जुळत नसतील तर फरक बहुतेक वेळा टिप किंवा बंदर शुल्कात सापडतो. पैसे भरल्यावर कंपनीचा स्वतःचा बुकिंग क्रमांक घ्या आणि तो कंपनीच्या साइटवर टाकून तुमची नावं उघडतात का ते त्याच दिवशी पाहा.

बहुतेक कंपन्या सफरीत कधीही २४ आठवडे पूर्ण होत असतील अशा गर्भवतीला घेत नाहीत आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळालाही नाही. मूल आजी-आजोबांबरोबर किंवा एकाच पालकाबरोबर जात असेल तर संमतिपत्र तयार ठेवा.

कागदपत्रं

फक्त भारतीय बंदरांच्या सफरीला आधार किंवा मतदार ओळखपत्र चालतं. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना लागतो. तो कंपनी काढते, पण त्यासाठी कागद आणि फोटो वेळेत द्यावे लागतात. एकही परदेशी बंदर असलं की पासपोर्ट, आणि परतीच्या तारखेनंतर सहा महिने मुदत. देशातली पासपोर्टची पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्येच छापली जाते, तरी नूतनीकरणाला वेळ तितकाच लागतो. तो तीन महिने आधी काढा.

कंपनी बदलताना सर्वात जास्त फसगत व्हिसात होते. जुन्या सफरीचा मार्ग वेगळा होता आणि नव्या जहाजाची बंदरं वेगळी आहेत, हे विसरलं जातं. सिंगापूरहून निघून परत सिंगापुरातच येणाऱ्याला दोनदा प्रवेश करायचा असतो, म्हणून मल्टिपल एंट्री लागते. भारतीयांना ती बहुधा मिळते, पण ई-व्हिसाच्या कागदावर शब्द वाचून घ्या. हा व्हिसा इथून स्वतः काढता येत नाही, सहसा अधिकृत एजंटमार्फत काढावा लागतो. मलेशियाने १ डिसेंबर २०२३पासून भारतीयांना व्हिसातून सूट दिली आणि ती २०२६ अखेरपर्यंत वाढवली. थायलंडला १ मे २०२५पासून ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं, सिंगापूर आणि मलेशियाचंही तसंच आहे. ही तिन्ही कार्डं पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची आणि ती फुकट असतात. पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नाही असं समजा. भूमध्य समुद्रातल्या सफरीत जहाज शेंगेन क्षेत्राबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर), उदाहरणार्थ तुर्कस्तानात किंवा ट्युनिशियात जाऊन परतत असेल तर शेंगेन व्हिसाही मल्टिपल एंट्रीचाच हवा. एंट्री कमी पडली तर जहाजावर चढूच देत नाहीत आणि भाडं परत मिळत नाही.

विम्यात जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला आहे का ते पाहा. जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो, आणि परदेशी कंपन्यांत त्याचं बिल डॉलरमध्ये येतं.

सामानात इस्त्री, किटली, राइस कुकर आणि सर्ज-प्रोटेक्टर असलेली एक्स्टेन्शन वायर नको. सुरक्षा तपासणीत काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी रांगेत उभं राहून परत घ्यावी लागते. सिंगापुरात खायची तंबाखू, गुटखा आणि ई-सिगारेटला बंदी आहे आणि खसखसही चालत नाही. घरच्या मसाल्याच्या डब्यात ती नाही ना, हे तपासा. चिवडा न्यायचा तर कारखान्याच्या बंद पाकिटातला.

नाशिक ते मुंबई बंदर

मुंबईचं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरच्या भागात, सीएसएमटीपासून टॅक्सीने जवळच आहे. पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते आणि पावणेअकराच्या आसपास सीएसएमटीला पोचते. दुपारी सुरू होणाऱ्या चेक-इनसाठी ही गाडी उत्तम. नांदेडहून येणारी वंदे भारत दुपारी पोचते, तिच्यावर विसंबू नका. जहाज सुटण्याच्या बराच वेळ आधी चेक-इन बंद होतं आणि जहाज कुणासाठी थांबत नाही.

रस्त्याने सुमारे १६५ किलोमीटर. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाला आणि कसाऱ्याचा घाट टाळता येऊ लागला. पण आमण्यापासून पुढे भिवंडी आणि ठाण्याची कोंडी आहेच. सकाळी सहाच्या आत निघा. बंदरावर गाडी दोन दिवस ठेवायची सोय मिळेलच असं धरू नका, ड्रायव्हर परत पाठवा किंवा रेल्वेने जा. सिंगापूरची क्रूझ असेल तर आदल्या दिवशीच तिथे पोचा. त्याच दिवशीच्या विमानाने जाऊन एका रात्रीचं हॉटेल वाचवायचा मोह होतो, पण विमान चार तास उशिरा आलं तर पूर्ण सफर जाते. २०२७च्या सिंहस्थ पर्वकाळात नाशिकरोडची आरक्षणं आणि शहरातले रस्ते हे दोन्ही अवघड असतील, त्या तारखा टाळलेल्या बऱ्या.

जहाजावरचा पहिला दिवस

चढल्यावर लगेच तीन कामं करा. आपत्कालीन कवायत आधी उरका. जहाज सुटण्याआधी ती प्रत्येकाला सक्तीची आहे. आपलं जमण्याचं ठिकाण केबिनच्या दाराच्या आत लिहिलेलं असतं. मग रात्रीच्या जेवणाची वेळ आणि टेबल पक्कं करा. जैन किंवा उपवासाचं जेवण बुकिंगच्या वेळी कळवलेलं असलं तरी इथे मुख्य वेटरला पुन्हा सांगा. त्यानंतर फोन विमान मोडवर टाका आणि जहाजाचं वायफाय तेवढं चालू करा. किनारा सुटला की फोन जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क पकडतो आणि ते साध्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाही. नुसतं व्हॉट्सअ‍ॅप मागे चालू राहिलं तरी हजारोंचं बिल आलेलं पाहायला मिळतं.

खर्चासाठी डेबिट कार्ड देऊ नका. जहाज रोज काही रक्कम अडकवून ठेवतं आणि ती सुटायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस खात्यातले पैसे वापरता येत नाहीत. क्रेडिट कार्ड द्या किंवा रोख अनामत ठेवा. स्वस्त कंपन्यांची कमाई जहाजावरच्या विक्रीतून जास्त होते. त्यामुळे फोटो, स्पा, पेयांचे पॅकेज, खास रेस्टॉरंट यांची विचारणा इथे अधिक होईल. त्यात राग धरण्यासारखं काही नाही, पण ‘आत्ता नको’ हे पहिल्या दिवसापासून सरळ म्हणा. पेयांचं पॅकेज घेण्याआधी रोज किती ग्लास प्यावे लागतील ते मोजा. बंदराच्या दिवशी अर्धा दिवस तुम्ही जहाजावर नसताच.

अ‍ॅपवर किंवा टीव्हीवर रोज रात्री बिल पाहा. चुकीची नोंद त्याच रात्री रिसेप्शनवर सांगितली तर पाच मिनिटांत निघते, शेवटच्या सकाळी तिथे शंभर माणसांची रांग असते.

लक्षद्वीपसारख्या ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. लाटा जास्त असल्या की कप्तान ते रद्द करतो. हा निर्णय सुरक्षिततेचा असतो, त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे परत येतात, किनाऱ्यावर परस्पर ठरवलेल्या बोटीचे किंवा गाडीचे बहुधा येत नाहीत. म्हणून अशा बंदरात बाहेरून आगाऊ काही ठरवू नका.

उतरण्याच्या दिवशी जहाज सकाळीच धक्क्याला लागतं. मुंबईत उतरलात तर परतीची पंचवटी संध्याकाळी सव्वासहाला सीएसएमटीहून सुटते, मधला दिवस रिकामा मिळतो. मोठ्या बॅगा सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये ठेवायच्या असतील तर त्यांना कुलूप हवं, बिनकुलपाची बॅग तिथे घेत नाहीत.